रिंगणातले शिक्षण : संग्रहालय, प्रौढ प्रेक्षक आणि खेळ

संग्रहालय आणि शिक्षण यांचे नाते जुने असले, तरी त्या शिक्षणात खेळाला जागा द्यावी का, आणि दिलीच तर ती फक्त लहान मुलांपुरती ठेवावी का, हा प्रश्न तुलनेने अलीकडे विचारला जाऊ लागला आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ साली प्राग येथे संग्रहालयाची जी नवी व्याख्या स्वीकारली, तिच्यात शिक्षण, आनंद, चिंतन आणि ज्ञानाची देवाणघेवाण या चारही गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या आहेत आणि त्यांत वयाचा कोणताही भेद केलेला नाही. प्रत्यक्षात मात्र बहुतेक संग्रहालयांत ही वाटणी वयानुसार होते : मुलांसाठी रंगीत दालन, फिरवायची चाके आणि दाबायची बटणे, तर प्रौढांसाठी काचेची कपाटे, बारीक अक्षरांतले फलक आणि ‘हात लावू नये’ अशी सूचना. बालपण सरले की खेळ संपतो आणि त्यानंतरचे शिकणे म्हणजे फक्त वाचणे व ऐकणे, हे या वाटणीमागचे गृहीतक आहे. या प्रकरणात ते गृहीतक चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या अनुभवावर तपासून पाहायचे आहे.

या तपासणीसाठी हे दोन जिल्हे योग्य ठरतात, कारण तेथे शिकण्यासारखे पुष्कळ आणि बंदिस्त दालने थोडी आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा दोन-तृतीयांशांहून अधिक वनाच्छादित आहे आणि चंद्रपूरचाही सुमारे एक-तृतीयांश भाग जंगलाखाली आहे. ताडोब्याचे वाघ, सिरोंचा तालुक्यातील जीवाश्म, वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा येथील मंदिरसमूह, चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आणि आलापल्लीजवळचे जुने सागवान हे सारे आपापल्या जागी उभे असलेले संग्रहच आहेत. आलापल्लीचे सुमारे सहा हेक्टरांचे वनक्षेत्र तर २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. अशा जागांसाठी जगभर ‘परिसर-संग्रहालय’ ही कल्पना वापरली जाते. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये मांडल्या गेलेल्या या कल्पनेनुसार वस्तू उचलून इमारतीत नेण्याऐवजी परिसर, तेथील माणसे आणि त्यांची स्मृती मिळून संग्रहालय बनते, आणि तेथील रहिवासी त्याचे प्रेक्षक असतात तसेच जाणकारही असतात. चंद्रपूर-गडचिरोलीत प्रौढांच्या शिक्षणाचा विचार याच दुहेरी भूमिकेपासून सुरू करावा लागतो.

खेळ म्हणजे काय

खेळाचा गंभीर अभ्यास करणाऱ्यांत डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की खेळ हा संस्कृतीचा फावल्या वेळातला उपद्व्याप नसून न्याय, काव्य, विधी आणि ज्ञान यांच्या घडणीत खेळाचे तत्त्व मुळापासून आहे. त्यांच्या मते खेळ स्वेच्छेने खेळला जातो, रोजच्या व्यवहारापासून आखून वेगळ्या केलेल्या जागेत व काळात घडतो आणि स्वतःचे नियम पाळतो. या आखलेल्या जागेला मराठीत रिंगण म्हणता येईल. रिंगणाच्या आत हरणे, चुकणे, सोंग घेणे यांची किंमत बाहेरच्या आयुष्यात चुकवावी लागत नाही, आणि शिक्षणाच्या दृष्टीने खेळाचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य हेच आहे.

फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ साली खेळांचे चार प्रकार पाडले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. स्पर्धेत कौशल्याचा कस लागतो, दैवाच्या खेळात निकाल फाशावर किंवा कवडीवर सोपवलेला असतो, सोंगात माणूस काही काळ दुसरा कोणी होतो आणि भोवळीच्या खेळात शरीराचा तोल मुद्दाम ढळू दिला जातो. हे चारही प्रकार पूर्व विदर्भातील प्रौढांच्या जीवनात ठळकपणे दिसतात. शंकरपटात बैलजोड्यांची स्पर्धा असते, कवड्यांच्या पटावर दैव असते, दंडार या लोकनाट्यात आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे या वनप्रदेशाच्या, नाटकांत सोंग असते, तर मंडई या गावजत्रेतल्या आकाशपाळण्यात भोवळ असते. याचा अर्थ असा की मोठी माणसे खेळत नाहीत हे विधान या प्रदेशापुरते तरी वस्तुस्थितीला धरून नाही. ती खेळतात, पण संग्रहालयाच्या दारात शिरताना खेळ बाहेर ठेवतात, कारण आत त्याची अपेक्षाच नसते.

प्रौढ माणूस कसा शिकतो

प्रौढांचे शिकणे मुलांच्या शिकण्याहून काही बाबतींत वेगळे असते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी आग्रहाने मांडले. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा की प्रौढाला काय शिकायचे हे स्वतः ठरवायचे असते, त्याच्याजवळ अनुभवाचा मोठा साठा असतो, आपल्या आयुष्यातील प्रश्नाशी जोडलेले ज्ञान तो लवकर उचलतो आणि ते ज्ञान उपयोगात आणण्याची त्याला घाई असते. संग्रहालयातील सामान्य फलक या चारही गोष्टींकडे दुर्लक्ष करतो, कारण तो सर्वांना एकच मजकूर एकाच क्रमाने सांगतो आणि वाचणाऱ्याला काही ठाऊक असेल ही शक्यता जमेस धरत नाही. मोहाची फुले वेचण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला मोहाच्या झाडाविषयी चार ओळींचा फलक वाचायला लावणे म्हणजे तिच्या ज्ञानाकडे पाठ फिरवणेच होय.

प्रौढाच्या शिकण्यात आणखी एक अडथळा असतो आणि तो म्हणजे लाज. चुकीचे उत्तर देणारे मूल काही क्षणांत ते विसरते, पण चारचौघांत चुकलेल्या प्रौढाला आपल्या वयाचा, हुद्द्याचा किंवा निरक्षरतेचा उपमर्द झाल्यासारखे वाटते आणि म्हणून तो गप्प राहणे पसंत करतो. शिकण्यासाठी मात्र चुकणे आवश्यक असते. कॉर्नेल, हेज आणि ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की उत्तर सांगितले जाण्यापूर्वी ज्यांना अंदाज करायला लावले, त्यांचा अंदाज चुकला तरीही खरे उत्तर त्यांच्या अधिक चांगले लक्षात राहिले. खेळात अंदाज बांधणे हा नियमच असतो आणि चुकणे ही फक्त एक खेळी असते. त्यामुळे प्रौढ माणूस एरवी जी जोखीम घेत नाही, ती रिंगणात सहज घेतो.

मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७० च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू आणि इतर तल्लीन माणसांचा अभ्यास करून असे दाखवले की आव्हान कौशल्यापेक्षा फार मोठे असेल तर चिंता उपजते, फार लहान असेल तर कंटाळा येतो, आणि दोन्ही एकमेकांच्या तोडीचे असतील तर माणूस वेळेचे भान विसरून कामात बुडून जातो. या तल्लीनतेला त्यांनी ‘प्रवाह’ असे नाव दिले. संग्रहालय-अभ्यासक जॉन फॉक आणि लिन डियर्किंग यांनी दाखवलेली बाबही येथे महत्त्वाची आहे : संग्रहालयात काय शिकले जाते हे मांडलेल्या वस्तूंइतकेच प्रेक्षकाच्या पूर्वानुभवावर, सोबत आलेल्या माणसांवर आणि जागेच्या मांडणीवर अवलंबून असते. प्रौढ माणूस संग्रहालयात बहुधा कुटुंबाबरोबर किंवा मित्रांबरोबर येतो. सोबतच्यांशी बोलायला, वाद घालायला आणि एकमेकांना दाखवायला काही निमित्त मिळाले की शिकणे आपोआप सामूहिक होते, आणि असे निमित्त खेळ फार थोड्या सामग्रीत देतो.

काचेपासून हाताकडे

महाराष्ट्रातील संग्रहालयांचा इतिहास पाहिला, तर वस्तू जपण्याकडून वस्तू हाताळू देण्याकडे झालेला प्रवास दिसतो. १८६३ साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय लोकांमध्ये आजही ‘अजब बंगला’ म्हणूनच ओळखले जाते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या अनेक कुटुंबांना संग्रहालय या गोष्टीची पहिली ओळख तेथेच झाली. तेथील पद्धत त्या काळच्या सर्व संग्रहालयांसारखी होती : दुर्मीळ वस्तू पाहायची, थक्क व्हायचे आणि पुढे जायचे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती जीवनातील वस्तू प्रेमाने गोळा केलेल्या आहेत आणि त्यांत जुन्या खेळांच्या सामग्रीलाही स्थान मिळाले आहे. तरीही येथे एक अडचण उभी राहते, कारण गंजिफा किंवा सोंगट्या काचेआड गेल्या की त्यांची चित्रकारी पाहता येते, पण त्यांतला डाव कळत नाही. खेळाच्या बाबतीत मूळ वस्तू जपणे आणि तिची खेळण्याजोगी प्रतिकृती प्रेक्षकाच्या हाती देणे या दोन्ही गोष्टी केल्या, तरच संग्रह पूर्ण होतो.

विज्ञान संग्रहालयांनी ही दिशा लवकर पकडली. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे ‘एक्सप्लोरेटोरियम’ सुरू केले आणि तेथे प्रेक्षकाने स्वतः प्रयोग करून पाहणे हेच प्रदर्शनाचे मुख्य अंग ठरवले. भारतात राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८ साली स्थापन झाली आणि तिच्या जाळ्यातील नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ साली सुरू झाले. विदर्भातील शाळांच्या सहली तेथे नेमाने जातात. तेथील आरसे, लंबक आणि चक्रे मुलांबरोबर आलेले शिक्षक व पालकही हाताळतात, पण बहुतेकदा मुलाला दाखवण्याच्या निमित्ताने. हे निमित्त प्रौढाला खेळण्याची परवानगी देते, आणि प्रौढ प्रेक्षकाला अशी परवानगी उघडपणे मिळण्याची किती गरज आहे तेही त्यातून कळते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधून संग्रहालय गावोगावी नेण्यास सुरुवात केली, तर भोपाळ येथे २०१३ साली उघडलेल्या जनजातीय संग्रहालयात आदिवासी मुलांच्या खेळांसाठी स्वतंत्र दालन करण्यात आले. हे दोन्ही उपक्रम वनजिल्ह्यांना मार्गदर्शक आहेत. पहिल्यातून अंतराची अडचण सुटते आणि दुसऱ्यातून खेळ हा संस्कृतीचा दस्तऐवज असल्याचे मान्य होते.

झाडीपट्टीतील जुन्या शाळा

चंद्रपूर-गडचिरोलीला प्रौढांच्या खेळकर शिक्षणाची पद्धत बाहेरून आणण्याची गरज नाही, कारण ती तेथे निरनिराळ्या रूपांत आधीपासून आहे. गोंड आणि माडिया समाजातील गोटूल ही अशी एक संस्था आहे. वेरियर एल्विन यांनी १९४७ साली बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला, पण गडचिरोलीतील गोटुलाचे स्वरूप त्याहून काहीसे निराळे असून गावाची बैठक, पाहुण्यांचा मुक्काम, गाणी आणि नाच यांची ती सामायिक जागा आहे. रेला नाचात फेर धरताना कोणत्या ऋतूत कोणते गाणे, कोणत्या प्रसंगी कोणती चाल, कोण आपल्या गोत्राचा आणि कोण सोयरा याचे ज्ञान फलकाशिवाय आणि परीक्षेशिवाय पुढच्या पिढीकडे जाते. नवखा माणूस पाऊल चुकतो, शेजारच्याचा हात त्याला ओढून घेतो आणि फेर चालू राहतो.

दुसरी शाळा झाडीपट्टी रंगभूमीची आहे. दिवाळीनंतर सुगी आटोपू लागली की वडसा म्हणजेच देसाईगंज येथील नाटक कंपन्या गावोगावी जातात आणि मंडई किंवा शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर चालणारी नाटके होतात. दारू, हुंडा, शेतीतील कर्ज आणि कुटुंबातील फूट हे विषय त्यांत वारंवार येतात आणि पाहुण्यांनी भरलेली गावे ती नाटके पाहून दुसऱ्या दिवशी त्यांवर चर्चा करतात. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या परंपरेची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली. कायवा ज्याला सोंगाचा खेळ म्हणतात, त्यातून प्रौढ माणसे स्वतःच्या प्रश्नाकडे थोड्या अंतरावरून पाहू शकतात, कारण व्यसनी बाप रंगमंचावरचा असतो आणि तरीही तो प्रत्येकाच्या ओळखीचा असतो.

तिसरे उदाहरण आरोग्यक्षेत्रातील आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बालकांमधील न्यूमोनियावर काम केले. न्यूमोनिया ओळखण्यासाठी बाळाचे एका मिनिटातील श्वास मोजावे लागतात, पण गावातील अनेक सुइणी निरक्षर होत्या आणि त्यांना मोठ्या आकड्यापर्यंत सलग मोजणे अवघड जात होते. त्यासाठी संस्थेने श्वास मोजण्याचे एक साधन तयार केले. त्यात एक मिनिटाची वाळूची घडी आणि रंगीत मण्यांच्या ओळी होत्या. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकवावा लागला, तर श्वास धोक्याइतका वेगवान आहे असे समजायचे. हे साधन खेळ म्हणून बनवलेले नव्हते आणि त्यावर बाळाचा जीव अवलंबून होता. तथापि त्याची रचना पाहिली, तर आखलेला वेळ, सरकवायच्या सोंगट्या, साधा नियम आणि डोळ्यांना दिसणारा निकाल ही खेळाची चारही अंगे त्यात आढळतात. अक्षरज्ञान नसलेल्या प्रौढ स्त्रीला ज्ञानापर्यंत पोहोचवण्यासाठी फलकापेक्षा अशी रचना कितीतरी समर्थ ठरते, हा संग्रहालयांनी घ्यावा असा धडा आहे.

चौथी शाळा धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तेथे अभ्यासगटाची पद्धत रुजली. अभ्यासगट म्हणजे निर्णय घेण्याचे ओझे नसलेली बैठक, जिच्यात एखादा विषय जाणकारांसह मोकळेपणाने चर्चिला जातो. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते आणि त्यासाठी लागणारे शिक्षण अभ्यासगटात होते. मधमाश्यांना न मारता मध काढण्यापासून वनहक्काच्या कायद्यापर्यंत अनेक विषय या मार्गाने गावाने समजून घेतले. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळालेले मेंढा हे देशातील अगदी पहिल्या गावांपैकी एक ठरले आणि २०११ साली तेथील ग्रामसभेला बांबूसाठी स्वतःचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार मिळाला. निर्णयाचे ओझे बाजूला ठेवून विचार करण्याची ही आखलेली जागा हाउझिंगांच्या रिंगणाच्या फार जवळची आहे.

तीन ठिकाणी काय करता येईल

या चार शाळांचा अनुभव प्रत्यक्ष मांडणीत कसा उतरवता येईल, हे तीन ठिकाणांच्या आधारे पाहता येते. पहिले ठिकाण सिरोंचा तालुका. प्राणहिता नदीच्या काठावरील कोटा या गावाचे नाव भूशास्त्रात जगभर घेतले जाते, कारण सुमारे १७ ते १९ कोटी वर्षांपूर्वी नद्या आणि तळ्यांत साचलेल्या खडकांच्या एका समूहाला ‘कोटा’ हेच नाव मिळाले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील चुनखडकातील माशांचे जीवाश्म अभ्यासकांच्या नजरेत आले. पुढे नदीपलीकडच्या प्रदेशात याच थरांत सापडलेल्या अजस्र शाकाहारी डायनासोरला १९७५ साली ‘बारापासॉरस टागोराय’ हे नाव देण्यात आले, तर १९८८ साली दुसऱ्याचे ‘कोटासॉरस’ असे नामकरण झाले. यांपैकी पहिल्याचा सांगाडा कोलकात्यात आणि दुसऱ्याचा हैदराबादेत उभा आहे. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे जीवाश्म उद्यान असून तेथे दगड झालेली झाडे पाहायला मिळतात. लाकडाच्या पेशींत पाण्याबरोबर सिलिका झिरपत जाते आणि लाकूड कुजण्याआधीच त्याची जागा घेते. असे झाल्यास खोडाचा आकार आणि कधी कधी त्याचे धागेही दगडात टिकतात.

अशा उद्यानात प्रौढ प्रेक्षकाला ‘ओळखा’ या साध्या नियमाचा खेळ देता येईल. एका ओट्यावर आजचे सागवान, कोळशाचा तुकडा, जीवाश्म लाकडाची प्रतिकृती आणि साधा दगड ठेवावा, आणि प्रत्येक गटाने वजन, स्पर्श आणि रेषा पाहून त्यांचा वयानुसार क्रम लावावा. उत्तर नंतर कळावे. दुसऱ्या ओट्यावर चाळणी, पाणी आणि भिंग ठेवून वाळूत मिसळलेले प्रतिकृतींचे दात शोधायला द्यावेत, कारण कोटा थरांतून १९८१ साली वर्णिलेला ‘कोटाथेरियम’ हा प्राचीन लहानखुरा सस्तन प्राणी दातावरूनच ओळखला गेला, आणि असे सूक्ष्म दात माती धुऊन, चाळून, भिंगाखाली वेचूनच सापडतात. सिरोंच्यात तेलुगू, मराठी, गोंडी आणि माडिया बोलणारे लोक एकत्र राहतात, त्यामुळे हाताने खेळायच्या मांडणीचा भाषेच्या दृष्टीनेही फायदा आहे.

दुसरे ठिकाण ताडोबा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलात येणारे बहुसंख्य पर्यटक प्रौढ असतात आणि वाघ दिसला की सहल सफल झाली असे मानून परततात. निसर्ग माहिती केंद्रात त्यांच्यासाठी मऊ मातीचा पट्टा आखून त्यावर निरनिराळ्या प्राण्यांचे ठसे उमटवता येतील. मांजरकुळातील प्राण्यांच्या ठशात नखे सहसा दिसत नाहीत, कुत्र्याच्या कुळात ती दिसतात, अस्वलाच्या ठशापुढे लांब नखांच्या खुणा उमटतात आणि वाघाच्या मागच्या पायाचा ठसा नराचा असल्यास अधिक चौरस, मादीचा असल्यास अधिक लांबट असतो, एवढ्या चार सूत्रांवर गटांना त्या पट्ट्यावर काय घडले याची कथा रचायला सांगता येईल. या खेळाचा पंच म्हणून स्थानिक गाइड असावा, म्हणजे त्याच्या ज्ञानाला व्यासपीठ मिळेल आणि वाघ दिसला नाही तरी जंगल वाचण्याची दृष्टी पर्यटकाला लाभेल.

ताडोब्याभोवतीच्या गावांसाठी मात्र खेळाचे प्रयोजन अधिक गंभीर आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ आणि माणूस यांच्यातील संघर्षात माणसांचे बळी जातात, आणि मार्च-एप्रिलमधील मोहफुले व मे महिन्यातील तेंदूपत्ता वेचण्याच्या हंगामात, पहाटेच्या अंधारात एकट्याने वाकून काम करणाऱ्या माणसाला धोका अधिक असतो. महाराष्ट्रात वाघ-बकरी हा पटावरचा खेळ परिचित आहे. त्यात वाघ थोडे, शेळ्या पुष्कळ असतात, वाघ उडी मारून शेळी घेतो आणि शेळ्या मिळून वाघाची कोंडी करतात. याच पटाचे नवे रूप गावकऱ्यांनीच घडवावे : पट म्हणजे गावाचा खरा नकाशा, सोंगट्या म्हणजे मोह वेचणाऱ्या बाया, गुराखी, गुरे आणि बछड्यांसह वाघीण, आणि जिंकण्याची अट अशी की हंगाम संपेपर्यंत दोन्ही बाजू जिवंत राहाव्यात. कोणत्या वाटेवर झुडूप दाट आहे, कोणत्या नाल्यावर वाघीण पाणी पिते, कोण कोणत्या वेळी एकटे जाते हे पटावर मांडताना गावाचे विखुरलेले ज्ञान एकत्र येते. ज्या चुकीची किंमत जंगलात प्राणांनी मोजावी लागते, ती पटावर कितीही वेळा करून पाहता येते.

तिसरे ठिकाण मेंढ्यासारखी वनहक्क मिळालेली गावे. राज्यभरातून अधिकारी, विद्यार्थी आणि इतर गावांचे लोक तेथील अनुभव पाहायला येतात. अशा पाहुण्यांना व्याख्यान देण्याऐवजी ग्रामसभेचा खेळ देता येईल. प्रत्येकाला एक भूमिका मिळावी, म्हणजे बांबू तोडणारा मजूर, बुरूड, भूमिहीन विधवा, वनरक्षक किंवा ठेकेदार. प्रश्न एकच असावा : यंदा किती बांबू तोडायचा आणि मिळालेल्या पैशाचे काय करायचे? आणि नियमही एकच असावा : सर्वांची सहमती झाल्याशिवाय निर्णय नाही. बहुमताची सवय असलेल्या शहरी प्रौढाला या नियमाचा अर्थ वाचून कळत नाही, पण आपल्या एकट्याच्या नकारामुळे सारी सभा थांबलेली पाहिली की कळतो.

मर्यादा आणि पथ्ये

खेळाचे हे समर्थन करताना त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. काही वस्तू आणि जागा खेळासाठी नसतात. गोंडांची दैवते, माडियांची मृतांसाठी उभारलेली स्मृतिशिळा आणि विधीत वाजवली जाणारी वाद्ये यांना हात लावण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्या समाजानेच सांगायचे असते आणि संग्रहालयाने ते पाळायचे असते. आदिवासी पोशाख चढवून छायाचित्र काढून घेणे हा खेळ ठरत नाही, कारण त्यात सोंग घेणारा दुसऱ्याच्या आयुष्यात शिरत नाही आणि ज्याचे सोंग घेतले त्याचा अवमान मात्र होतो. म्हणून प्रत्येक खेळाचा नियम ग्रामसभेपुढे मांडून तिची संमती घेणे आणि त्यातून होणाऱ्या उत्पन्नात गावाचा वाटा ठरवणे आवश्यक आहे. जीवाश्मांच्या बाबतीत पथ्य आणखी कडक हवे : खेळ प्रतिकृतींचा, आणि मूळ जीवाश्म जागचा हलू नये.

दुसरी मर्यादा बक्षिसांची आहे. गुण, पदके आणि क्रमवारी यांचा मारा केला की प्रौढ माणूस पुन्हा परीक्षेच्या खोलीत जाऊन बसतो आणि लाजेचा जुना अडथळा परत उभा राहतो. तिसरी मर्यादा सक्तीची. ज्याला शांतपणे पाहायचे आहे, त्याला पाहू द्यावे, कारण स्वेच्छा गेली की खेळही गेला. चौथी बाब मूल्यमापनाची आहे. खेळातून शिक्षण झाले की नाही, हे प्रेक्षकांच्या संख्येवरून किंवा त्यांच्या हसण्यावरून ठरत नाही. बाहेर पडताना प्रेक्षक कोणता नवा प्रश्न विचारतो, स्वतःचे कोणते ज्ञान संग्रहालयाला देऊन जातो आणि काही महिन्यांनी त्याच्या वागण्यात काय बदलते, यांच्या नोंदी ठेवल्या तरच त्याचे उत्तर मिळू शकते.

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. प्रौढ प्रेक्षक खेळायला तयार नसतो असे नाही. त्याला खेळण्याची सन्मानाने परवानगी देणारी संग्रहालये थोडी आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोलीत जी संग्रहालये आणि माहिती केंद्रे पुढील काळात उभी राहतील, त्यांच्या आराखड्यात इमारतीच्या खर्चाआधी तीन गोष्टींची तरतूद व्हावी : हाताळता येण्याजोग्या प्रतिकृती, स्थानिक भाषा जाणणारे गावातील मार्गदर्शक आणि नियम ठरवताना ग्रामसभेचा सहभाग. या तीन गोष्टींना मोठा निधी लागत नाही, आणि त्या नसतील तर कितीही भव्य इमारत उभारली तरी जंगलात आयुष्य काढलेली माणसे तिच्यात परक्यासारखीच वावरतील. म्हणून शासनाने, विद्यापीठाने आणि वनविभागाने या माणसांना प्रेक्षक म्हणून बोलावण्याआधी डाव मांडणारे भागीदार म्हणून बोलवावे.